सेकंडहँड डेस्कटॉप: जाहिरातीत नसतं ते आधी बघा

“आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११, कीबोर्ड-माउस फ्री.” जुन्या डेस्कटॉपच्या जाहिरातीत एवढं सगळं असतं आणि नेमकं विचारायला हवं तेच नसतं. रॅम उद्या वाढवता येते. एसएसडी दहा मिनिटांत बदलते. विंडोज पुन्हा टाकता येतं. कीबोर्ड-माउसचं तर सोडूनच द्या. बदलता येत नाही ती प्रोसेसरची पिढी, तो प्रोसेसर ज्यावर बसतो तो बोर्ड, आणि बोर्ड ज्यात बसतो तो डबा. यांतलं एक जरी चुकलं तरी ते निस्तरायला दुसरं मशीन घेण्याइतका खर्च येतो. म्हणून पारख इथून सुरू करायची आणि ठळक अक्षरांत छापलेलं सगळ्यात शेवटी बघायचं.

आधी हा माल येतो कुठून ते पाहू. मोठ्या कंपन्या, बँका, कॉल सेंटरं आपली मशीनं साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलतात. पुष्कळ ठिकाणी ती विकत घेतलेली नसतातच, लीजवर असतात. करार संपला की शेकड्यांनी मशीनं एकदम बाहेर पडतात आणि लॉटमध्ये विकली जातात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर ही त्यांतली नेहमीची नावं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड अशा बाजारांतून हा माल पुसून तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचतो. दिसायला ही मशीनं कंटाळवाणी: काळा किंवा राखाडी डबा, समोर दोन-चार यूएसबी. पण ती रोज आठ-दहा तास चालायची म्हणून बनवलेली असतात, एकाच मॉडेलची हजारो निघाल्याने सुटे भाग मिळत राहतात, आणि बहुतेकांची उमेदीची वर्षं एसीत गेलेली असतात.

दुसरा माल ‘गेमिंग पीसी’ या नावाखाली येतो. काचेचं कॅबिनेट, रंग बदलणारे पंखे, आणि आत बिननावाच्या कंपनीचा एच-६१ चिपसेटचा बोर्ड. हा चिपसेट २०११ चा. त्यावर इंटेलचे दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचेच प्रोसेसर बसतात. म्हणजे कॅबिनेट काल-परवाचं आणि गाभा दीड दशकापूर्वीचा. बोर्ड कुणी बनवला, त्याचं बायोस कुठून मिळेल, याचा पत्ता नाही. माझं मत विचाराल तर या दोन मालांत तुलनाच करायची गरज नाही. दिव्यांचे पैसे द्यायचे असतील तर गोष्ट वेगळी.

आता पिढी ओळखायची कशी? इंटेलच्या आय-३, आय-५, आय-७ या नावांपुढे एक नंबर असतो आणि खरी हकिकत त्या नंबरात असते. चार आकडी नंबर असेल तर पहिला आकडा पिढीचा. २४०० ही दुसरी पिढी, २०११ ची. ३४७० तिसरी, २०१२ ची. ४५७० चौथी, २०१३ ची. पाचवी पिढी डेस्कटॉपमध्ये जवळजवळ दिसत नाही. ६५०० सहावी, २०१५ ची. ७५०० सातवी, २०१७ ची. ८५०० आठवी, २०१८ ची. दहाव्या पिढीपासून नंबर पाच आकडी होतो आणि पहिले दोन आकडे धरायचे, म्हणजे १०४०० ही दहावी. उलट आय-५ ६५० असे तीनच आकडे दिसले तर ती पहिली पिढी, २०१० च्या सुमाराची. विक्रेता फोनवर नुसतं “आय-७ आहे साहेब” म्हणाला तर “पुढचा नंबर सांगा” एवढंच म्हणायचं. नंबर सांगायला तो टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालं असं समजा.

आय-७ हे नाव किती फसवं आहे ते एका जोडीवरून कळतं. आय-७ २६०० हा २०११ चा. चार कोअर, ९५ वॉट. आय-३ ८१०० हा २०१७ अखेरचा. तोही चार कोअरचाच, पण ६५ वॉटचा. ब्राउझर, एक्सेल, टॅली, व्हिडिओ कॉल या रोजच्या कामांत हा आय-३ त्या आय-७ ला मागे टाकतो, वीज कमी खातो, आणि विंडोज ११ च्या यादीत आहे, जिथे आय-७ २६०० नाही. तरीही जुन्या आय-७ ला जास्त भाव सांगितला जातो, कारण गिऱ्हाईक नाव ओळखतं, नंबर ओळखत नाही.

व्हिडिओचं गणित त्याहून बारीक आहे. यूट्यूबवरचे व्हिडिओ मोठ्या प्रमाणात व्हीपी-९ नावाच्या पद्धतीने आवळून ठेवलेले असतात. ते उलगडायची पूर्ण सोय इंटेलने प्रोसेसरातल्याच ग्राफिक्समध्ये दिली ती सातव्या पिढीपासून. त्याआधीच्या पिढ्यांत ते काम थोडंफार किंवा सगळंच प्रोसेसरच्या कोअरना करावं लागतं. चौथ्या पिढीचं मशीन एरवी ठीक चालतं, पण मोठ्या आकारात व्हिडिओ लावला की पंखा घोंघावू लागतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. मुलांच्या ऑनलाइन तासासाठी मशीन घेत असाल तर रॅमच्या आधी याचा विचार करा.

सातव्या आणि आठव्या पिढीच्या मध्ये एक रेघ आहे, ती मायक्रोसॉफ्टने ओढलेली. विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून मिळणारी मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जाहीर झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो. इंटेलच्या बाबतीत ती यादी, एखादा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. एएमडीमध्ये साधारण रायझन २००० मालिकेपासून. त्यामुळे धडधाकट सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं ऑफिसांतून बाहेर पडली, आणि तीच आज दुकानांत रांगेने दिसतात.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मशीनवर विंडोज ११ चालताना दिसलं म्हणजे ते मशीन विंडोज ११ साठी पात्र आहे असं नाही. तपासणी चुकवून चौथ्या पिढीवरही विंडोज ११ टाकता येतं आणि दुकानदार ते सर्रास टाकतात. ते चालतंही. पण पुढच्या मोठ्या आवृत्त्या अशा मशीनवर आपोआप येत नाहीत, आणि सुरक्षा-अपडेट येत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २०२४ च्या आवृत्तीपासून तर प्रोसेसरमध्ये काही ठरावीक सूचना असल्याशिवाय विंडोज ११ सुरूच होत नाही, त्यामुळे कोअर-२ ड्युओच्या मशीनला तो चोरवाटेचा मार्गही बंद झाला. पडद्यावरचं चित्र बघू नका, प्रोसेसरचा नंबर बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्सच्या पानावर तो नंबर लिहिलेला असतो. डब्यावरच्या स्टिकरवर विसंबू नका, स्टिकर कुणीही चिकटवू शकतं.

मग रेघेच्या अलीकडचं मशीन घेऊच नये का? घ्यावं, पण त्यावर काय चालवणार हे ठरवून. लिनक्स मिंट किंवा उबुंटू सहाव्या पिढीवर उत्तम चालतं, चौथ्या पिढीवरही चांगलं चालतं, आणि त्याचे अपडेट फुकट येत राहतात. मराठी युनिकोड टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतोच. घरात ब्राउझर, ईमेल, पत्रं, हिशेबाचे तक्ते एवढंच काम असेल तर सहाव्या पिढीचं स्वस्त मशीन आणि लिनक्स ही जोडी मला नव्या कमी ताकदीच्या मशीनपेक्षा सरस वाटते. मात्र टॅली किंवा विंडोजवरच चालणारं एखादं सरकारी सॉफ्टवेअर लागत असेल, तर सरळ आठवी पिढी किंवा पुढची.

या सगळ्या हिशेबाला उलटं करणारं एक गिऱ्हाईक आहे: जुना डीटीपीवाला. पेजमेकर, श्रीलिपीची जुनी आवृत्ती, तिचं डोंगल, आणि कधीकाळी पॅरलल पोर्टाला जोडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. पण लग्नपत्रिकांचे आणि दिवाळी अंकांचे ढीगभर जुने मजकूर तिच्यातच अडकलेले. अशा माणसाला आठवी पिढी देऊन उपयोग नाही. त्याला मागे पॅरलल पोर्ट असलेलं, एक्सपीचे ड्रायव्हर मिळतील असं २०१० च्या आसपासचं मशीनच हवं, आणि ते चालू स्थितीत मिळालं तर चार पैसे जास्त मोजणं रास्तच आहे. अट एकच, ते इंटरनेटला जोडायचं नाही. एक्सपीचा पुरवठा ८ एप्रिल २०१४ लाच संपला. फाइल पेनड्राइव्हने नेली-आणली, काम भागलं.

डब्याचा आकार ही कुणी न विचारणारी पण पुढे जाचणारी गोष्ट. ऑफिसची मशीनं तीन आकारांत येतात: पूर्ण टॉवर, आडवा चपटा डबा, आणि वहीएवढा छोटा. चपट्यात ग्राफिक कार्ड बसवायचं तर कमी उंचीचंच लागतं, आणि त्याला लागणारी वीज स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटमध्ये भागली पाहिजे. छोट्यात कार्ड बसतच नाही, रॅमही लॅपटॉपची लागते आणि वीज बाहेरच्या अडॅप्टरवर. हा अडॅप्टर मूळचाच आहे ना ते बघा. डेलच्या छोट्या मशीनला अनोळखी अडॅप्टर लावला तर सुरू होतानाच इशारा येतो आणि प्रोसेसर मुद्दाम मंद चालतो.

एसएमपीएसचं, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या पेटीचं, तसंच. बाजारात मिळणारा साधा एसएमपीएस बोर्डाला चोवीस पिनांनी जोडतो. डेल आणि एचपीच्या अनेक ऑफिस मॉडेलांत, चौथ्या पिढीच्या आसपासपासून, बोर्डावर आठ किंवा सहा पिनांची कंपनीची स्वतःची जोडणी आहे. एसएमपीएस गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला चालत नाही. त्याच मॉडेलचा जुना शोधावा लागतो किंवा मधली जोडवायर घ्यावी लागते. चपट्या डब्यात तर पेटीचा आकारही वेगळा. म्हणून चालू एसएमपीएस हा त्या मशीनच्या किमतीतला मोठा वाटा आहे, हे धरून चाला.

रॅमबद्दल थोडक्यात. चौथ्या पिढीपर्यंत डीडीआर-३, सहाव्यापासून बहुतेक डीडीआर-४, आणि एकीची दुसरीच्या खाचेत बसत नाही. ८ जीबी हा आजचा खालचा आकडा. एकच ८ ची पट्टी आहे की चारच्या दोन, आणि रिकामी खाच किती, हे बघून ठेवलं की पुरे.

मशीन प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा आधी सांगून ठेवा की ते बंद असू द्या. पोचल्यावर मागच्या जाळीला हात लावा. गरम लागलं तर तुम्ही येण्याआधी ते तापवून ठेवलंय. म्हातारा एसएमपीएस आणि सुजलेले कपॅसिटर थंड असतानाच अडखळतात. एकदा तापले की तासभर गुण्यागोविंदाने चालतात. २००० च्या दशकात सदोष कपॅसिटरांची साथच आली होती आणि डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स २७० ची त्यात बरीच बदनामी झाली. आजच्या मालात तेवढा धोका नाही, पण डबा उघडायला सांगून बोर्डावरचे उभे दंडगोल बघायला अर्धं मिनिट लागतं. त्यांचे माथे सपाट हवेत. फुगलेला किंवा ओघळलेला एक जरी दिसला तरी नमस्कार करून बाहेर पडायचं.

डबा उघडलाच आहे तर गंजही बघा. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या समुद्राकडच्या भागात चाललेलं मशीन मागच्या पट्ट्यांवर आणि स्क्रूंच्या डोक्यांवर ते दाखवतं. वरवरची तांबूस छटा चालेल. यूएसबीच्या तोंडाशी किंवा रॅमच्या खाचेत हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर नाही. धूळ मात्र माफ. धूळ ब्रशने निघते.

सुरू करताना बायोसमध्ये शिरा. डेलला एफ-२, एचपीला एफ-१०, लेनोवोच्या थिंकसेंटरला एफ-१. इथे पासवर्ड मागितला तर तो दुकानदाराने तुमच्यासमोर काढून दाखवायला हवा. “नंतर काढून देतो” हे चालणार नाही, कारण कंपनीने घातलेला बायोसचा पासवर्ड काढणं काही मॉडेलांत फार कटकटीचं असतं. आत प्रोसेसरचा नंबर, रॅम आणि मशीनचा सीरियल नंबर दिसतो. डेलच्या सात अक्षरी सर्व्हिस टॅगवरून मशीन कारखान्यातून केव्हा निघालं ते कंपनीच्याच साइटवर कळतं. डब्यावरचा टॅग आणि बायोसमधला टॅग वेगळे असतील तर बोर्ड बदललेला आहे किंवा डबा. तारीख-वेळ भलतीच दिसली तर घाबरू नका. सीआर-२०३२ नावाचा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. घड्याळवाल्याकडेही मिळतो. भाव पाडायला मात्र तो कामाला येतो.

त्यानंतर डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा. ते डिस्कची स्वतःची नोंदवही उघडून दाखवतं. हार्डडिस्क असेल तर रीॲलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळींत शून्य हवं. शून्य नसेल तर ती डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. पॉवर-ऑन अवर्स म्हणजे आजवर चाललेले तास. वर्षाचे एकूण तास ८,७६०. ऑफिसात दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर पाच वर्षांचे १५,००० होतात. ४०,००० दिसले तर ती डिस्क रात्रंदिवस चालली आहे, कदाचित सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये. आणि सहा-सात वर्षं जुन्या डिस्कवर चाळीसच तास दिसले तर नोंदवहीच पुसलेली आहे. खरं म्हणजे मी हार्डडिस्कला किंमतच देत नाही. विंडोज असो वा लिनक्स, हार्डडिस्कवरून चालवलेलं चांगलं मशीनही रडवतं, त्यामुळे नामांकित कंपनीची छोटी एसएसडी घ्यायचीच. दुकानदाराने “नवीन एसएसडी” म्हणून घातलेली बिननावाची असली तर तिच्यावर घरचे फोटो ठेवू नका.

उरलेली तपासणी म्हणजे मशीनला घाम फोडणं. एकीकडे मोठ्या आकारात व्हिडिओ, दुसरीकडे दहा-बारा टॅब, तिसरीकडे मोठ्या फोल्डरची कॉपी, असं वीस मिनिटं चालू द्या. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं तापमान बघा. ८५ अंशांच्या वर जाऊन तिथेच राहिलं तर पंख्याखालची पेस्ट वाळली आहे. ते स्वस्तात होणारं काम आहे. पण मशीन अचानक बंद पडलं किंवा स्वतःहून पुन्हा सुरू झालं तर संशय एसएमपीएस, बोर्ड किंवा रॅमवर जातो आणि सौदा तिथेच थांबतो. तेवढ्यात एक-एक यूएसबीत पेनड्राइव्ह घालून बघा, लॅनची वायर लावून दिवा लागतो का बघा, स्पीकर लावा. ऑफिसच्या पुष्कळ मशीनांना वाय-फाय नसतं आणि एचडीएमआयही नसतं, डिस्प्लेपोर्ट असतं. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयच्या मॉनिटरला जाणारी जोडवायर स्वस्त आहे, पण तो खर्च हिशेबात धरा.

भाव ठरवताना सगळी बेरीज करा: मशीन, एसएसडी, वाढीव रॅम, वाय-फाय, जोडवायर, मॉनिटर. ती बेरीज नव्या साध्या डेस्कटॉपच्या निम्म्याच्या वर गेली की मी मागे फिरतो. दुसरा हिशेब वर्षांचा. आठव्या पिढीचं मशीन आणखी चार वर्षं बिनघोर चालेल असं धरलं आणि चौथ्या पिढीचं दोनच, तर दीडपट किमतीतही आठवी स्वस्त पडते. विजेचा फरकही धरा. जुनं मशीन ३० वॉट जास्त खात असेल, रोज आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस चालत असेल, तर वर्षाला ७२ युनिट होतात. दहा रुपये दराने सातशे वीस रुपये. रक्कम फार नाही, पण दोन हजारांची घासाघीस करणाऱ्याने तीन वर्षांची ही बेरीजही करावी.

बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. मशीनवर एखाद्या कंपनीच्या मालमत्तेचा स्टिकर असेल तर माल लॉटमधून रीतसर आला आहे याला तुमच्याकडे ते बिल एवढाच पुरावा राहतो. घरी आल्यावर दुकानदाराने टाकलेलं विंडोज ठेवू नका. डिस्क पूर्ण पुसून स्वतः नव्याने टाका. विंडोज ८ च्या काळापासून कंपन्या परवान्याची किल्ली बोर्डातच ठेवत आल्या आहेत, त्यामुळे पुष्कळदा खरं विंडोज काही न विचारता चालू होतं. ते चालू झालं नाही तर आधीचं विंडोज कसलं होतं तेही कळतं. चेकिंग वॉरंटी सात दिवसांची असेल तर ते सात दिवस मशीन रोज रात्री मागच्या स्विचपासून बंद करा आणि सकाळी थंड असताना सुरू करा. एका रात्री रॅम तपासणारं मेमटेस्ट लावून झोपा. सकाळी एकही चूक दिसली तर बिल घेऊन त्याच दिवशी दुकानात जा, आठव्या दिवसाची वाट बघू नका.